नाहरीच्या हातात नेमकं काय आहे?

अंगातली शक्ती रक्तातून येते, कुणी बहाल करतं की शिकून मिळवावी लागते, हा प्रश्न मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर पडला, आणि तो पाडला एका कादंबरीनं. चरित्रं, प्रवासवर्णनं, सामाजिक कादंबऱ्या एवढंच माझं वाचन. फँटसीच्या वाटेला मी कधी गेले नव्हते. शारजाचं पुस्तक प्रदर्शन १९८२ पासून भरतं, हल्ली दर नोव्हेंबरात एक्स्पो सेंटरमध्ये. तिथं लेकीनं एक जाडजूड पुस्तक माझ्या पिशवीत टाकलं आणि म्हणाली, "आई, हे वाच आणि मला सांग, हिची पॉवर एन्शंट मॅजिक आहे की नाही?"

पुस्तक होतं एस. ए. चक्रवर्ती यांचं 'द सिटी ऑफ ब्रास'. आडनाव बंगाली, लेखिका अमेरिकन. २०१७ साली हा पहिला भाग आला, २०१९ मध्ये 'द किंगडम ऑफ कॉपर' आणि २०२० मध्ये 'द एम्पायर ऑफ गोल्ड'. पहिली शंभर पानं मी अक्षरशः चाचपडत वाचली. जिन्न, डेव्हा, इफ्रित, मारिद, पेरी, शफीत! कोण अग्नीचा, कोण पाण्याचा, कोण कुणाचा वैरी, काही उमगेना. शेवटी वहीत वंशावळ काढली, आमच्या घराण्याची कुलवृत्तान्तात असते तशी.

गोष्ट अठराव्या शतकाच्या अखेरीस, फ्रेंचांनी काबीज केलेल्या कैरोत सुरू होते. कादंबरीची नायिका नाहरी अनाथ आहे. लोकांना गंडवून, किरकोळ चोऱ्या करून पोट भरते. तिला माणसाकडे पाहून आजार कळतो, तिच्या जखमा आपोआप भरतात, आणि कानावर पडलेली कुठलीही भाषा तिला समजते. एका मुलीला बाधा झाली म्हणून ती पैसे घेऊन झारचा विधी करते, ओठांवर येईल त्या भाषेत गाते, आणि दारा नावाचा शेकडो वर्षांपूर्वीचा योद्धा समोर येऊन उभा राहतो. मग उडता गालिचा, वाळवंट आणि डेव्हाबाद हे जिन्नांचं लपलेलं शहर. तिथं तिला कळतं, की ती नाहिद नावाच्या जुन्या वैद्य-राजघराण्याची वारस आहे.

झारशी मी अडखळले नाही. अंगात येणं, भगतानं ते उतरवणं हे कोकणात वाढलेल्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. अडले ते पुढे. लेकीचं ठाम मत, की नाहरीची शक्ती म्हणजे घराण्यातून उतरलेली प्राचीन जादू. मला ते पटत नव्हतं आणि का पटत नाही हे सांगताही येत नव्हतं.

वाट दाखवली आमच्याच मजल्यावरच्या इजिप्शियन बाईंनी. मूळच्या कैरोच्या, शाळेत अरबी शिकवून निवृत्त झालेल्या. चहाच्या वेळी मी त्यांना नाहरीची कथा सांगितली आणि त्यांनी 'जादू' या शब्दालाच हरकत घेतली. त्यांच्या लेखी 'सिह्र', म्हणजे जादूटोणा, ही शिकण्याची गोष्ट आहे. कुराणात बाबेलमधल्या हारूत आणि मारूत या दोन देवदूतांचा उल्लेख येतो. माणसं तिथं ही विद्या शिकतात, आणि शिकवण्याआधी ते बजावतात, की आम्ही तुमची परीक्षा आहोत. त्याच ठिकाणी पैगंबर आणि राजा सुलेमान या पापापासून मुक्त असल्याचंही सांगितलं आहे. थोडक्यात, जादू आजीकडून नातीच्या रक्तात येत नाही. ती कुणीतरी शिकवते, कुणीतरी शिकतं, आणि ते निषिद्ध आहे. इथं अमिरातीत तर जादूटोणा हा कायद्यानं गुन्हा आहे. ताईत आणि मंतरलेल्या वस्तू विमानतळावर पकडल्या गेल्याच्या बातम्या इथल्या वर्तमानपत्रांत येतात. आपल्याकडेही २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याचं प्रयोजन निराळं, भोंदूंकडून होणारी फसवणूक आणि छळ थांबवणं. पण दोन्हीकडे जादू ही माणसानं करण्याची गोष्ट आहे.

"मग जिन्न उडतात, रूप पालटतात, ते काय?" मी विचारलं.

"ते त्यांचं असणंच आहे. मासा पोहतो, त्याला तुम्ही जादू म्हणता का?" बाई म्हणाल्या.

त्या एका वाक्यानं माझ्या वहीतली वंशावळ बोलू लागली. जिन्न धूर नसलेल्या अग्नीपासून घडवले गेले, असं कुराण सांगतं. 'अल जिन्न' नावाची एक संपूर्ण सूराच त्यात आहे, बहात्तरावी. इथल्या जुन्या लोकांना हा विषय परका नाही. उम्म अल दुवैस या जिन्न स्त्रीची गोष्ट इथं घरोघरी सांगत आले: अत्तराचा घमघमाट, अपूर्व सौंदर्य, आणि भुलून मागे गेलेल्या पुरुषाला दिसणारा तिचा विळा. रास अल खैमाजवळ अल जझिरा अल हमरा हे मोत्यांच्या धंद्यावर जगलेलं आणि पुढे ओस पडलेलं गाव आहे. तिथं जिन्न असल्याची समजूत इतकी पक्की, की आम्ही गेलो तेव्हा टॅक्सीवाल्यानं संध्याकाळी थांबायला नकार दिला. पण या गोष्टींतली कुणीही शक्ती वारशानं मिळाली म्हणून चकित होत नाही. अग्नीच्या पोटी अग्नी जन्मतो, एवढंच.

नाहरीचं प्रकरण गुंतागुंतीचं होतं ते सुलेमानामुळे. इस्लामी परंपरेत जिन्न सुलेमानाच्या हुकमात होते, त्याच्यासाठी इमारती बांधत होते. काठीला टेकून उभा असतानाच तो वारला, तरी ते राबत राहिले. वाळवीनं काठी पोखरली आणि तो कोसळला, तेव्हा कुठे त्यांना कळलं. आपल्याकडे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणल्या, त्यांतला कुपीत कोंडलेला राक्षस ज्याच्या शिक्क्यानं बंद असतो तोही हाच सुलेमान. कादंबरीला जिच्यावरून नाव मिळालं ती 'पितळी नगरी'ची मूळ अरबी कथाही तीच खूण सांगते: मूसा बिन नुसैर या अरब सरदाराची तुकडी सुलेमानानं जिन्न कोंडून ठेवलेल्या तांब्याच्या कुप्या शोधायला निघते.

कादंबरीकर्त्रीनं हा धागा घेऊन त्यावर नवी इमारत उभी केली आहे. तिच्या कथेत डेव्हा माणसांना छळत होते म्हणून सुलेमानानं त्यांची बहुतेक शक्ती काढून घेतली, त्यांना कामाला जुंपलं, त्यांचे कबिले पाडले. मग त्यांच्यातल्या अनाहिद नावाच्या स्त्रीवर विश्वास टाकून तिच्या हाती आपली मोहोर आणि उपचाराची शक्ती दिली. नाहिद घराणं तिचं. नाहरीच्या बोटांत आहे ती ही शक्ती. ती सुलेमानाच्या शिक्षेनंतरची आहे, आणि काही अटींवर दिलेली आहे.

खरी प्राचीन शक्ती कुणाकडे आहे हे दुसऱ्या भागात दिसतं. नाहिद घराण्यातलीच मानिझे दाराला पुन्हा जिवंत करते ती सुलेमानापूर्वीच्या डेव्हांच्या रूपात. धगधगता, अफाट ताकदीचा, आणि स्वतःलाच अनोळखी झालेला. दारा आणि नाहरी एकाच पानावर येतात तेव्हा दोन शक्तींमधला फरक सरळ दिसतो. एक आहे ती बंधनाआधीची, दुसरी बंधनातून जन्मलेली. लेकीला मी हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा गप्प झाली.

दुसऱ्या भागाच्या शेवटी तर पुरावाच मिळतो. सुलेमानाची मोहोर शहराबाहेर जाते आणि जादू संपते. नाहरीची उपचारशक्तीही जाते. नुसतं रक्त पुरेसं असतं, तर ते तर अजून तिच्या नसांत होतंच की! इथं मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले.

(तिसरा भाग वाचायचा असेल त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.) डेव्हाबादमध्ये शुद्ध रक्ताचा केवढा बडेजाव आहे! शफीत म्हणजे माणूस आणि जिन्न यांच्या मिश्र रक्ताचे लोक, आणि त्यांचे हाल वाचवत नाहीत. शेवटी उघड होतं, की नाहरी स्वतः शफीत आहे. वडील नाहिद, आई इजिप्तची. सगळ्या घराण्याची आशा जिच्यावर, तिच्यातच ते रक्त मिसळलेलं. शुद्धतेच्या दाव्याला याहून सणसणीत उत्तर मला सुचत नाही, आणि जातीचा अभिमान मिरवणाऱ्या घरांत मोठी झालेली बाई म्हणून हे वाचताना माझा ऊर भरून आला.

पण मला या पुस्तकांत सर्वांत मोलाचं वाटलं ते तिसरंच. नाहरी कैरोत याकूब या म्हाताऱ्या ज्यू औषधविक्रेत्याशी मैत्री ठेवून आहे, आणि तिचं स्वप्न राजकन्या होण्याचं नाही, वैद्यक शिकण्याचं आहे. डेव्हाबादमध्ये आपली शक्ती ओळखल्यावरही सुरुवातीला तिच्या हातून रुग्ण बरे होत नाहीत. तिला शिकावं लागतं, चुकावं लागतं, दुसऱ्याच्या देहाची जबाबदारी घ्यावी लागते. पुढे ती घराण्याचं उद्ध्वस्त रुग्णालय पुन्हा उभारते आणि सुभाषिनी सेन या शफीत डॉक्टरला सोबत घेते. भारतीय नावाची ही बाई, अंगात जादू नाही, पण शरीराचं ज्ञान पक्कं. नाहिद घराण्याची वारस तिच्याकडून शिकते. शक्ती गेल्यावर नाहरी पुन्हा याकूबच्या दुकानात येते तेव्हा तिच्या हाती उरतं ते एवढंच, शिकलेलं. माझी आत्या चिपळूणजवळच्या खेड्यात सुईण होती. तिला हातगुण आहे असं सगळे म्हणत. ती मात्र प्रत्येक बाळंतपण सासूच्या शेजारी बसून कशी शिकली ते सांगायची.

म्हणून लेकीला माझं उत्तर असं: नाहरीत जिन्नांचा स्वभाव आहे, सुलेमानाचं देणं आहे आणि तिची स्वतःची विद्या आहे. यांतल्या एकालाही प्राचीन जादू म्हणता येत नाही.

लेक अजून मानत नाही. तिच्याकडे एक हुकमाचं पान आहे: भाषांचं. जिन्नांचा स्वभाव म्हणावा, तर बाकीच्या जिन्नांना हे जमत नाही. शिकलेलं म्हणावं, तर शिकायला वेळ कुठे मिळाला? सुलेमानानं दिलेलं म्हणावं, तर वैद्यांना ते कशाला? आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये रोज मल्याळम, उर्दू, तागालोग आणि अरबी एकत्र ऐकू येतात, आणि नाहरीची ही शक्ती मिळावी असं मला मनापासून वाटतं. तिचा उगम मात्र माझ्या तीन खान्यांत बसत नाही. तिसरा भाग मी पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला आहे, या वेळी पेन्सिल हातात धरून.