आल्डोन्याचा ट्रंपेटवाला

भाईंदरला आमच्या घरावरून लग्नाची वरात जाऊं लागली, कीं बँडांतील ट्रंपेटचा आवाज ऐकून आम्हांस थोडें ओशाळल्यासारखें होतें. पुष्कळ वर्षांपूर्वीं एक पालक उत्तनहून मुद्दाम आम्हांस भेटावयास आले होते. मुलगा ट्रंपेटच्या नादीं लागला आहे, काय करावें, असा त्यांचा प्रश्न. "वाजवून पोट भरत नाहीं," असें आम्हीं तत्काळ सांगून टाकिलें. आंतोनियो झेवियर वाझ हें नांव तेव्हां आम्हांस ठाऊक नव्हतें.

वाझ यांचा जन्म १९१६ सालीं गोव्यांतील आल्डोना गांवीं झाला. मुलानें मोटारदुरुस्तीचें काम शिकावें अशी त्यांच्या आईची इच्छा होती. (तिनें सल्ला विचारला असता, तर आम्हीं तिचीच बाजू घेतली असती!) पण गोव्यांत इगर्जीच्या शाळांतून मुलांस गाण्याबरोबर पाश्चात्त्य स्वरलिपीहि शिकवीत, आणि त्या विद्येच्या बळावर अनेक गोमंतकीय तरुण मुंबईस येऊन पोट भरीत. वाझ तेथें 'चिक चॉकलेट' या नांवानें ताजमहाल हॉटेलांत जॅझ वाजवूं लागले. लोक त्यांस हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. जॅझ हें अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचें संगीत. ठरलेली चाल घेऊन वादक तिचा जागच्या जागीं विस्तार करितो. ख्याल ऐकणारास यांत परकें असें फारसें वाटूं नये.

पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र, यांस चिक यांचें मोठें साहाय्य झालें. चाल सुचली तरी अनेक वाद्यें एकत्र वाजावयाचीं, तर प्रत्येकाच्या पुढ्यांत त्याच्या स्वरांचा कागद हवा; तो बहुधा गोंयकारच लिहीत. पडद्यावर मात्र त्यांतल्या बहुतेकांचें नांव येत नसे. चिक त्या मानानें भाग्यवान. भगवान यांच्या १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटांत ते आपल्या ताफ्यासह दिसतात, आणि त्याच वर्षीं 'नादान'ला त्यांनीं स्वतः संगीत दिलें. १९६७ सालीं, पन्नाशी उलटते न उलटते तोंच, ते वारले. त्यांची कन्या इव्हॉन गायिका झाली. जांवई ब्राझ गोन्साल्विस यांनीं सॅक्सोफोनवर रागदारी आणि जॅझ यांची सांगड घातली.

उत्तनच्या पालकांनीं आमचें ऐकलें. ट्रंपेट विकलें गेलें. तो मुलगा पुढें बँकेंत लागला. गेल्या वर्षीं स्टेशनवर भेटला, तेव्हां आम्हीं मोठ्या उत्साहानें त्यास चिक यांची हकीकत सांगूं लागलों. त्यानें शांतपणें ऐकून घेतली.

"सर," तो म्हणाला, "अलबेलांतलें त्यांचें वादन मला पाठ होतें."