धर्माची गाय

"देऊन टाकू," सर म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

साल 2008. सदाशिव पेठेत एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. आम्ही चौघं, आणि आमचा माल एकच: मराठी शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर. प्रकाशक आणि डीटीपीवाले ते विकत घ्यायचे. पण युनिकोड आलं, जुन्या फॉन्टांसाठी बनवलेल्या गोष्टी मागे पडल्या, आणि एका सीडीवर दहा जण काम भागवू लागले. फायरफॉक्समध्ये मात्र 2006च्या दुसऱ्या आवृत्तीपासून लिहितानाच स्पेलिंग तपासायची सोय आली होती. इंग्रजी चुकलं की शब्दाखाली लाल रेघ. आपला शब्दसंग्रह आणि नियम मुक्त परवान्याखाली त्यासाठी द्यावेत, असं सरांच्या मनात आलं. नाव होईल, नावामागून कामं येतील.

"अगदी चोख नसलं म्हणून काय झालं?" ते हसून म्हणाले. "धर्माच्या गायीचे दात कोण मोजतंय?"

मला तीन आठवडे दिले.

असं देणं सोपं नसतं, हे मी वाचून होते. फायरफॉक्सची मुळं ज्या कोडमध्ये आहेत तो नेटस्केपचा. आपल्या ब्राउझरचा कोड खुला करणार, असं त्या कंपनीने 22 जानेवारी 1998 रोजी जाहीर केलं, आणि 31 मार्चला तो खुला केला. मधले दोन महिने बरेचसे कोड काढण्यात गेले. त्यात पंचाहत्तरहून जास्त भाग इतर कंपन्यांचे होते. प्रत्येकीला विचारायचं, तुमचा भाग उघडा करू का? नाही म्हणाले तर तो उपटायचा. एन्क्रिप्शनचा कोड अमेरिकेच्या निर्यात कायद्यामुळे गाळावा लागला. प्रोग्रॅमरांनी टिपांमध्ये लिहून ठेवलेल्या शिव्यासुद्धा पुसल्या गेल्या.

आमच्याकडे शिव्या नव्हत्या. अक्षरानुक्रम लावणारा एक विकतचा भाग होता, तो मी पहिल्याच दिवशी काढला. मग राहिली शब्दांची यादी आणि प्रत्ययांचे नियम.

फायरफॉक्स तेव्हा हनस्पेल वापरू लागला होता. हे मुळात हंगेरियन भाषेसाठी बनलेलं, त्यामुळे प्रत्ययांची सवय असलेलं. त्याला दोन फायली लागतात, एकीत मूळ शब्द, दुसरीत त्यांना काय काय जोडता येतं ते. मराठीत हे प्रकरण लांबतं. घर, घरात, घरातला, घरातल्यांनासुद्धा. त्यातून सामान्यरूप. फूल–फुलाला, गरीब–गरिबाला, पण शरीर–शरीराला, कारण तो संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. शब्द कुठल्या कुळातला हे यंत्राला कळत नाही. प्रत्येक शब्दापुढे कुणीतरी खूण करावी लागते. आमच्याकडे त्या खुणा काकांनी केल्या होत्या. काका म्हणजे खालच्या छापखान्यातले निवृत्त मुद्रितशोधक. तीस वर्षं प्रुफं तपासलेले.

दुसऱ्या आठवड्यात यादी चाळताना एक चुकीचा शब्द सापडला. सहज म्हणून शेल्फातला जाडा कोश उघडला, तर तिथेही तीच छापील चूक. मग मी शेजारचे शब्द पाहिले. पानामागून पान, तोच क्रम, तेच शब्द.

काकांना विचारलं. त्यांनी लपवलं नाही. "आठ महिने रात्री बसून टंकलंय. शब्द काय कुणाच्या मालकीचे असतात का गं?"

शब्द नसतात. पण ते निवडून, जमवून, लावण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याच्या कोशाला हक्क असतो, आणि आपल्या कायद्यात तो लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. कोशकार जाऊन तेवढी वर्षं झाली नव्हती. वर्षानुवर्षं आम्ही तो माल विकत होतो, हेही तेव्हाच लक्षात आलं.

सरांना सांगितलं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. "कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय," मी म्हणाले. सोबतच्या निवेदनात 'हे देण्याचा हक्क आम्हाला आहे' असं वाक्य होतं, आणि त्याखाली नाव माझं जाणार होतं. मी नाव घालणार नाही म्हटलं. पुढचा आठवडाभर सर माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. घराचे हप्ते चालू होते. त्या आठवड्यात मी नीट झोपले नाही.

आठव्या दिवशी काका वर आले ते एक पिशवी घेऊन. आत वह्या होत्या. प्रुफांत वारंवार चुकणारे शब्द ते तीस वर्षं टिपून ठेवत आले होते. "हे माझे आहेत," ते म्हणाले. "कुणाचे बघून लिहिलेले नाहीत." पिशवी टेबलावर ठेवून ते खाली गेले. सरांनी एक वही उघडली, पानं उलटली, आणि मला म्हणाले, "यातलेच घाल."

यादी फारच छोटी झाली. पाठवली. आणि मग परक्या माणसांनी खरोखर दात मोजले. हा नियम का, ही खूण कशासाठी, दोन प्रत्ययांनंतर तिसरा लागला तर काय? महिनाभर उत्तरं देत होते. शेवटी त्यांना खरं काम वाटलं ते प्रत्ययांच्या नियमांचं. यादी काय, वाढवता येते. असं मोठ्यांचंही होतं. अडोबीने 2006मध्ये टॅमरिन हे आपलं अख्खं इंजिन मोझिलाला दिलं. ते फायरफॉक्समध्ये पूर्ण बसलं नाही, पण त्या कामातून निघालेला नॅनोजिट नावाचा छोटा भाग 2009च्या 3.5 आवृत्तीत उपयोगी पडला. काय दिलं ते देणारा सांगतो, काय मिळालं ते घेणारा ठरवतो.

कामं काही नावामागून आली नाहीत. दोन वर्षांनी ऑफिस बंद झालं.

त्याआधी एकदा कुणा अनोळखी माणसाने चूक कळवली होती. 'रूप' या शब्दाला काकांची खूण चुकली होती, त्यामुळे तपासणी 'रुपाला' बरोबर धरत होती आणि 'रूपाला' चूक. मी ते काकांना वाचून दाखवलं. ते गप्प झाले. मला वाटलं, दुखावले.

"बरोबर आहे त्याचं," थोड्या वेळाने ते म्हणाले. "माझी वही आजवर कुणी तपासलीच नव्हती." मग चष्मा पुसत विचारलं, "त्याला कळवलंस का, बरोबर आहे म्हणून?"

"अजून नाही."

"मग कळव की."