वादळात झोपलेला

रात्रीचे दीड वाजलेत. हॉस्पिटलच्या खिडकीवर पाऊस आपटतोय. वसईला पाचूबंदरच्या होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या असतील. 31 जुलैपर्यंत मासेमारीबंदी आहे. सकाळी बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन.

मार्कच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय पुन्हा वाचला, येशू आणि शिष्यांच्या होडीवर आलेल्या वादळाचा. गालील सरोवर समुद्रसपाटीच्या सुमारे 210 मीटर खाली, भोवती डोंगर. वरचा थंड वारा उतारावरून एकाएकी कोसळतो आणि शांत पाणी खवळतं. त्या होडीतले काही शिष्य मासेमारच होते, आमच्यासारखे. पाण्यावर वाढलेली माणसं घाबरली, म्हणजे वादळ खरंच मोठं असणार. आणि येशू होडीच्या मागच्या भागात उशीवर डोकं टेकून झोपलेला. लहानपणी मला त्या झोपेचा राग यायचा. आज तीच झोप सगळ्यात जास्त धीर देते. वारा ज्याचं ऐकतो, तो वाऱ्याला कशाला भिईल?

शिष्यांनी त्याला हलवून उठवलं. त्यांच्या भीतीबद्दल तो त्यांना बोलला, पण मी त्यांना नावं ठेवणार नाही. बुडायची वेळ आली तेव्हा त्यांनी हाक मारली ती त्यालाच. मीही संध्याकाळपासून तेच करतेय. हातातली रोझरी खाली ठेवलेली नाही.

झोपण्याआधी बाबा एवढंच म्हणाले, "होडी त्याची आहे, पोरी. तू पड जरा."

मला झोप नाही. बाबा मात्र गाढ झोपलेत.