आप्पांचा चाकू

परदेशातून येताना काय आणू, असं विचारलं की आमचे आप्पा ठरलेलं उत्तर देतात, "तू नीट ये म्हणजे झालं." या खेपेला मात्र फोनवर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तिकडे घडीचा चाकू चांगला मिळत असेल तर बघ. माझा आता उघडत नाही."

खरं तर चाकूला काहीच झालं नव्हतं. आप्पांच्या अंगठ्यांत संधिवात शिरला होता. राजापूर तालुक्यातली आमची आंब्याची बाग त्यांनी हौसेनं वाढवली. सदऱ्याच्या खिशात पितळी मुठीचा चाकू कायमचा. सुंभ कापायला तोच, पेरू चिरायला तोच, आमच्या पेन्सिलींना टोक काढायलाही तोच. त्याची स्प्रिंग भारी कडक. आम्हां पोरींच्या नखाला कधी दाद दिली नाही तिनं. आता ती आप्पांनाही दाद देईना. गेल्या वर्षी बागेत गड्यांसमोर त्यांनी दोनदा खटपट केली आणि शेवटी चाकू आईच्या हातात दिला. आईनं उघडून दिला. झालं एवढंच, पण त्या दिवसापासून चाकू टेबलाच्या खणात गेला आणि आप्पांचं बागेत जाणंही हळूहळू कमी झालं. आई म्हणते, चाकूचा आणि बागेचा काही संबंध नाही. मला तसं वाटत नाही.

माझी धाकटी बहीण फ्रान्समध्ये ग्रेनोबलला असते. तिच्या बाळंतपणासाठी शाळेतून रजा काढून मी एप्रिलमध्ये गेले. बाळाच्या न्हाऊ-माखूतून वेळ मिळेल तेव्हा चाकू बघायचे, असा क्रम सुरू झाला. बहीण हसायची. "ताई, लोक इथून अत्तर नेतात गं!"

तिकडे खिशात चाकू ठेवणं ही गुंडगिरीची खूण नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. आपल्याकडे घडीचा चाकू म्हटलं की सिनेमातला रामपुरी डोळ्यांपुढे येतो. तिथल्या डोंगराळ भागात पूर्वी शेतकरी, गुराखी जेवायला बसले की आपापला चाकू काढत, पाव-चीज कापत आणि पुसून परत खिशात ठेवत. ही सवय अजूनही पुष्कळ म्हाताऱ्या माणसांत आहे.

पहिल्यांदा दुकानदारानं दाखवला तो 'लायोल'. (लिहिताना त्यात 'ग' येतो, पण त्या गावचे लोक तो बोलत नाहीत.) दिसायला फार देखणा. किंचित वळलेली मूठ, शिंगाची किंवा लाकडाची, पाठीवर बारीकशी माशी कोरलेली. काहींच्या मुठीवर खिळ्यांचा क्रूस असतो, काहींना बाटलीचं बूच काढायचा स्क्रू. लायोल हे ओब्राक पठारावरचं गाव आणि एकोणिसाव्या शतकापासून हा चाकू त्याच्या नावानं ओळखला जातो. मात्र आज या नावाचे बरेचसे चाकू तिएर शहरात बनतात, आणि काही तर फ्रान्सच्याही बाहेर. तिएर हे जुनं चाकूकारांचं गाव. तिथले धार लावणारे कारागीर पूर्वी नदीकाठच्या घरट्यांत फळीवर पालथे पडून खालच्या फिरत्या दगडावर पाती धरत, आणि ऊब राहावी म्हणून पायांवर कुत्रा झोपवत! हे ऐकल्यापासून मला लायोलबद्दल आदर वाटायला लागला, पण उघडून पाहिला तर तीच कडक स्प्रिंग. माझंच नख मोडलं. किंमतही शंभर युरोंच्या वर. आदरानं खाली ठेवला.

मग जावई म्हणाले, ओपिनेल बघा, आणि बघायचाच तर त्याच्या गावी जाऊन बघा.

मे महिन्यात एका शनिवारी मी एकटीच निघाले. ग्रेनोबलहून शांबेरी आणि तिथे गाडी बदलून सँ-जाँ-द-मोरिएन. डब्यात पोळी आणि बटाट्याची कोरडी भाजी. समोर बसलेल्या आजोबांनी खिशातून लाकडी मुठीचा चाकू काढला, मुठीच्या टोकाची कडी फिरवली आणि सफरचंदाची एकेक फोड पात्यावरूनच तोंडात टाकायला लागले. नजर माझ्या डब्यावर आणि माझी त्यांच्या चाकूवर. शेवटी एक फोड मला आणि एक पोळी त्यांना, असा व्यवहार झाला. भाषा कुणालाच कुणाची येत नव्हती.

मोरिएनची दरी अरुंद आहे. मधून आर्क नदी राखाडी पाण्यानं धावते, दोन्हीकडे उभे डोंगर, वर मे महिन्यातही बर्फ. गाव काही चित्रातल्यासारखं गोंडस नाही. ॲल्युमिनियमचा मोठा कारखाना आहे. रस्त्यात जिकडेतिकडे सायकलवाले, कारण आल्प्सच्या अवघड घाटांचे रस्ते इथूनच चढतात. गावच्या कॅथीड्रलमध्ये संत जॉनच्या बोटांचे अवशेष आहेत अशी श्रद्धा, म्हणून गावच्या चिन्हावर आशीर्वादाचा हात. ओपिनेलच्या पात्यावर हात आणि मुकुट दिसतो, तो हात हाच. मुकुट सावोयच्या जुन्या सरदार घराण्याचा. ही खूण 1909 सालची.

1989 साली सुरू झालेलं छोटं संग्रहालय तिथे आहे. जोसेफ ओपिनेल हा जवळच्या अल्बिए भागातल्या लोहाराचा मुलगा, घरात कोयते-कुऱ्हाडी बनत. 1890 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यानं शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी खिशातला साधा चाकू बनवला. 1897 मध्ये एक ते बारा नंबरांची मापं ठरवली. एक नंबरचं पातं जेमतेम दोन सेंटीमीटर, बारा नंबरचं बारा. पुढे एक आणि अकरा नंबर बंद झाले. जोसेफला यंत्रांचा नाद. स्वतः कॅमेरा बनवून लग्नांचे फोटोही काढायचा म्हणे. लोहाराच्या वडिलांनी कपाळाला हात लावला असेल.

मला हवं ते मात्र चाकूच्या रचनेत सापडलं. ओपिनेलला स्प्रिंगच नाही. बीच झाडाच्या लाकडाची गोल मूठ, तिच्यात एक चीर आणि टोकाशी एका खिळ्यावर फिरणारं पातं, बस्स. पातं धरून ठेवतं ते फक्त लाकडाचं घर्षण. उघडं पातं बोटांवर मिटू नये म्हणून 1955 साली मार्सेल ओपिनेलनं फिरती कडी बसवली, आणि 2000 पासून ती मिटलेलं पातंही अडकवून ठेवते. म्हणजे खिशात आपोआप उघडायची भीती नाही. मी अंगठा वापरायचाच नाही असं ठरवून तर्जनी आणि मधलं बोट यांच्या चिमटीत पातं धरून ओढलं. उघडलं! विक्रेत्या बाई माझ्याकडे जरा काळजीनं बघत होत्या. मग हातवाऱ्यांनी आणि मोडक्या इंग्रजीत आप्पांचे अंगठे समजावून सांगितले.

त्यांनी सहा, आठ आणि नऊ नंबर पुढे ठेवले. दुखऱ्या हाताला बारीक मूठ वाईट, मूठ भरून धरता आली पाहिजे, म्हणून सहा बाद. नऊ सदऱ्याच्या खिशात जड झाला असता. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटर, तो घेतला. आता पोलाद. कार्बन पोलादाला दगडावर पटकन धार येते, पण कोकणातल्या पावसात तासाभरात गंजेल आणि कैरीनं काळं पडेल. म्हणून न गंजणारं घेतलं. शेजारी मुलांसाठी गोल टोकाचा सात नंबरही होता. तिकडे लहान मुलांना लाकूड तासायला देतात. आमच्या शाळेत कंपासपेटीतल्या कर्कटकाचीसुद्धा आम्ही झडती घेतो!

पैसे दिल्यावर त्या बाई म्हणाल्या, चाकू भेट द्यायचा तर घेणाऱ्याकडून एक नाणं घ्या, नाहीतर नातं कापलं जातं. मला गंमत वाटली. आपण नाही का, सुरी हातात न देता खाली ठेवतो आणि दुसऱ्यानं उचलायची?

हे दिवस असे आहेत म्हणून सांगते: विमानात चाकू पर्समध्ये चालत नाही, मोठ्या बॅगेत टाकावा. आपल्याकडच्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा, घरकाम-शेतीसाठी नसलेला चाकू शस्त्रात मोडतो. बटणाच्या चाकूंवर दिल्लीत याहून कडक निर्बंध आहेत. हा त्यातला नव्हे. तरी यजमान मुंबईच्या विमानतळावर उगीच इकडेतिकडे बघत होते.

जूनमध्ये राजापूरला गेले. चाकू पाटावर ठेवला. आप्पांनी उचलला, लाकूड हुंगलं, धार नखावर पाहिली. "पातं फार पांढरं आहे," म्हणाले. मग चिमटीत धरून उघडला, मिटला, पुन्हा उघडला. आईकडे बघितलं नाही. कनवटीचा एक रुपया माझ्यापुढे ठेवला आणि छत्री घेऊन बागेकडे गेले.

एक चूक माझीच झाली. लाकूड पाण्यात भिजवायचं नाही, वापरल्यावर पुसून वाळवायचं आणि सांध्यात तेलाचा थेंब सोडायचा, हे त्या बाईंनी बजावून सांगितलं होतं, ते मी सांगायला विसरले. जुलैत आप्पांनी चाकू बादलीत धुतला आणि पडवीत ओला ठेवला. लाकूड फुगलं, पातं घट्ट बसलं. फोन आला, आवाज पुन्हा तसाच उतरलेला, "उघडत नाही गं."

मी म्हटलं, "आप्पा, कडी मोकळी करा आणि मुठीचं मागचं टोक पायरीवर ठोका. सावोयचे शेतकरी तसंच करतात."

फोन खाली ठेवल्याचा आवाज, पावसाचा आवाज, आईचं "अहो, बोट सांभाळा". मग दोन ठोके.

"आलं बाहेर," आप्पा म्हणाले. "थांब, फणस कापायचाय. तेलाचं आईला सांग."