कमोडमध्ये टाकलेली गोळी कुठे जाते?

मुदत संपलेल्या औषधांचं काय करायचं, असं पेशंटनी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं : कमोडमध्ये टाका आणि फ्लश करा. लहान मुलांच्या हाती लागू नयेत, एवढाच विचार त्यामागे होता. पुढे त्या गोळ्या कुठे जातात, हे मी बरीच वर्षं स्वतःला विचारलंच नाही.

तो प्रश्न पाडला एका पेशंटने. हाताला खाज येते म्हणून ते गृहस्थ आले होते. पार्ल्यात आमच्या दवाखान्यापासून जवळच एक मोठं गृहसंकुल आहे, तिथल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर, म्हणजे एसटीपीवर, ते ऑपरेटर आहेत. बोलता बोलता म्हणाले, "डॉक्टर, दिवाळीच्या साफसफाईत लोक संडासात बाटल्याच्या बाटल्या ॲसिड ओततात. आमचे जंतू मरतात हो! मग कितीतरी दिवस पाणी गढूळ आणि वास." जंतू मेले म्हणून हळहळणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. एका रविवारी मुद्दाम त्यांचं केंद्र बघून आलो.

आधी जाळीत प्लास्टिक, चिंध्या, सॅनिटरी पॅड अडकतात. (पॅड कमोडमध्ये टाकू नका, ते हातानेच काढावे लागतात.) पुढच्या टाकीत खालून सतत हवा सोडलेली असते. पाणी तपकिरी, वर फेस. हा तपकिरी रंग जंतूंच्या पुंजक्यांचा. ते मैला खाऊन वाढतात. त्यापुढच्या टाकीत ते तळाशी बसतात, वरचं निवळलेलं पाणी क्लोरीन देऊन पुढे जातं आणि तळातला थोडा गाळ पहिल्या टाकीत परत सोडतात. थोडक्यात, विरजण. ही पद्धत 1914 साली मँचेस्टरमध्ये मांडली गेली. आजही जगभर तीच चालते.

आता नदीचा विचार करा. आपल्या हवामानात एक लिटर पाण्यात जेमतेम 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. एक लिटर कच्चं सांडपाणी पचवायला जंतूंना साधारण 200 ते 300 मिलिग्रॅम लागतो. मैला थेट नदीत गेला तरी जंतू तो खातातच, पण नदीचा ऑक्सिजन वापरून. मासे गुदमरतात, पाणी काळं पडतं, सडक्या अंड्याचा वास सुटतो. प्रक्रिया केंद्र म्हणजे ती पंगत नदीत न बसवता टाकीत उरकणं. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून विमानतळाजवळून माहीमच्या खाडीत जाणाऱ्या मिठी नदीत ही पंगत वर्षानुवर्षं उघड्यावर चालू आहे. वरळी आणि वांद्र्याला कित्येक वर्षं सांडपाणी फक्त गाळून, वाळू काढून सुमारे 3 किलोमीटर आत समुद्रात सोडलं जाई. जानेवारी 2023 मध्ये मुंबईतल्या सात नव्या केंद्रांची पायाभरणी झाली. सातही मिळून दिवसाला 2464 दशलक्ष लिटर. ती लवकर पुरी व्हावीत, कारण कावीळ आणि टायफॉइडचे जंतू मैल्यातूनच पसरतात.

पण केंद्र कितीही चांगलं असलं तरी औषधं काढून टाकण्यासाठी ते बांधलेलं नसतं. 2007 साली हैदराबादजवळच्या पाटनचेरूमध्ये, औषध कारखान्यांचं सांडपाणी घेणाऱ्या केंद्रातून 'शुद्ध' होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन सापडलं. ते औषध घेणाऱ्या पेशंटच्या रक्तात असतं त्याहूनही जास्त! अशा पाण्यात टिकून राहतात ते औषधाला न जुमानणारे जंतू.

म्हणून माझा जुना सल्ला मी मागे घेतो. मुदत संपलेली औषधं केमिस्ट परत घेतो का ते विचारा. नसेल तर पाकिटातून काढून, माती किंवा चहाच्या चोथ्यात मिसळून, पिशवी बंद करून घातक कचऱ्यात वेगळी द्या. मॉर्फिन, फेंटानिलसारखी मोजकी औषधं मात्र घरात ठेवणं जास्त धोक्याचं असल्याने फ्लश करायला सांगतात. ती कुणाकडे असतील तर आधी विचारा.

खरं सांगायचं तर फेकलेल्या गोळ्यांपेक्षा घेतलेल्या गोळ्यांचा वाटा मोठा आहे. अमॉक्सिसिलिनचा निम्म्याहून अधिक भाग लघवीतून जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणजे माझं प्रिस्क्रिप्शनही त्याच गटारात. सर्दीला अँटिबायोटिक लागत नाही, हे मी आधीही सांगायचो. आता कुणी "लिहून द्याच" म्हणून अडून बसलं की त्या तपकिरी टाकीची गोष्टही सांगतो.

ऑपरेटरसाहेबांना मी मलम आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे सांगितले होते. खाज गेली आहे. मोजे घालतात का विचारलं, तर नुसतेच हसले.