ओहोटीची वाट

आगरदांड्याहून जंगार सुटला तसा मी गाडीतून उतरून कठड्याशी उभा राहिलो. समोर दिघी, उजव्या हाताला खाडीच्या तोंडाशी जंजिरा. शेजारी मासळीची रिकामी पाटी घेऊन एक काकी बसली होती. "आज लवकर परत?" मी विचारलं.

"बैठक हाय ना आज."

या किनाऱ्यावर बैठक म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारींनी १९४३ साली दासबोधाचं निरूपण सुरू केलं, तीच ही बैठक. वीस दशकांचा, दोनशे समासांचा ग्रंथ. याच जिल्ह्यात, महाडजवळच्या शिवथरघळीत समर्थांनी तो सांगितला आणि कल्याणस्वामींनी उतरवून घेतला, अशी परंपरा आहे. काकी अठरा वर्षं तो ऐकते आहे.

"मग राग येत नाही आता?"

"येतो की, भाऊ. पन येतोय ते कळतं."

पुढे दिवेआगर, श्रीवर्धन मागे टाकत हरिहरेश्वरला पोचेपर्यंत तेवढं एक वाक्य मनात होतं.

नऊ वर्षं मी दर मार्गशीर्षात इथे येतो. वडील गेले, घराच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी बोलणं तुटलं, त्या वर्षी पहिल्यांदा आलो. अगदी निवून परत गेलो आणि आठ दिवसांत होतो तसाच झालो. तेव्हापासून रोज रात्री वहीत एक ओळ लिहितो: आज मन कुठे ढळलं. वर्षभराची वही प्रदक्षिणेच्या वाटेवर बसून वाचायची, हा नेम.

ही प्रदक्षिणा आपल्या सवडीने होत नाही. खानावळीतल्या आजींनी रात्रीच बजावलं, "उद्या चतुर्थी. आठ वाजल्याशिवाय खाली उतरू नका." कोकणातला हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती, नऊला ओहोटी.

सकाळी आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव, असं क्रमाने दर्शन घेतलं. हरिहरेश्वर हे पेशव्यांचं कुलदैवत. देवळामागून वाट वर चढते आणि कड्याच्या फटीतून पायऱ्यांनी थेट समुद्रावर उतरते. खाली खडकाला मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं पडलेली. खारं पाणी मुरतं, सुकतं, मिठाचे कण दगड पोखरत जातात. एका खळग्यात वीतभर पाणी राहिलं होतं. मी पाय ठेवला तसा त्यातला खेकडा ते गढूळ करून गेला. पाणी निवळेपर्यंत तिथेच बसलो आणि वही उघडली.

भावाचं नाव यंदा अकरा वेळा आलं होतं. तो असं बोलला, त्याने कळवलं नाही, त्याने फोन उचलला नाही. अकराही ओळी त्याच्याबद्दल. मन माझं ढळलं होतं आणि लिहिलं होतं त्याचं वागणं! नऊ वर्षं रोज लिहूनही हे नजरेतून निसटलं होतं. काकीला जे येताना कळतं, ते मला वर्षअखेरीस खडकावर बसल्यावर कळलं. वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. खाली बारावी ओळ लिहिली: वाटणीच्या दिवशी आईसमोर आवाज मी आधी चढवला होता.

एव्हाना पाणी फिरलं होतं. मघाच्या खळग्यात पहिली लाट येऊन पडली. उठलो, उरलेली वाट चालून काळभैरवापाशी आलो आणि भावाला फोन लावला. त्याने उचलला. फार बोलणं झालं नाही. आईच्या गुडघ्याबद्दल बोललो.

तुम्ही जाणार असाल तर तिथी विचारून जा. पावसाळ्यात त्या वाटेला जाऊच नका. तिथे माणसं वाहून गेली आहेत. लाट मोठी दिसली तर परत फिरा. दुसऱ्या दिवशी पाऊण तास उशिराने वाट पुन्हा मोकळी होते.