एक बरोबर, दोन बरोबर

कॉम्प्युटर कधी चुकत नाही, असं मी एकदा भर मेसमध्ये छातीठोकपणे सांगितलं होतं. समोर अण्णा उभे होते. हातात पोळ्यांचा डबा.

साल २००६. मी सेकंड इयरला होतो. (आता याच कॉलेजात शिकवतो, त्यामुळे हे लिहायला थोडी लाज वाटतेय. असो.) तेव्हा आमची मेस मुलांची कमिटी चालवायची आणि पैसे जमा करायचं काम अण्णांकडे असायचं. मुलं एकशेवीस, महिन्याचे अकराशे. पैसे पत्र्याच्या पेटीत जायचे आणि वहीत त्या नावापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण व्हायची.

मी नुकताच पीएचपी शिकलो होतो. शिकलो म्हणजे काय, सीनियरकडून एक पुस्तक आणलं होतं आणि पहिली चार प्रकरणं चाळली होती. सी येत होतंच, त्यामुळे ऑपरेटर्सचं प्रकरण ‘हे काय, येतं की’ म्हणून सोडून दिलं. मेसचा हिशेब कॉम्प्युटरवर आणायचा चंग बांधला. रोज संध्याकाळी अण्णांची वही आणायची. खूण असेल तर ‘जमा’च्या रकान्यात १, नसेल तर ०.

पहिला दणका जावास्क्रिप्टने दिला. पाहुण्याच्या जेवणाचे पंचवीस रुपये बिलात मिळवायला अधिकचं चिन्ह टाकलं, तर एकाचं बिल आलं ११००२५. एक लाख दहा हजार पंचवीस! फॉर्मच्या चौकटीत टाइप केलेलं सगळं जावास्क्रिप्टला अक्षरं म्हणूनच मिळतं, आणि अक्षरांमध्ये अधिक टाकलं की ती बेरीज करत नाही, एकापुढे एक चिकटवते. पीएचपीत ही भानगड नाही. तिथे चिकटवायला टिंब आणि बेरजेला अधिक. त्या बिलावर अख्खी विंग आठवडाभर हसली. मीही हसलो. चूक इतकी ढळढळीत होती की ती कुणाला बाधलीच नाही.

दुसरी चूक मात्र कुणाला दिसलीच नाही.

महिनाअखेरीला मी यादी छापून बोर्डावर लावली. एकशेवीस नावं, सगळ्यांपुढे ‘भरले’. कमिटी खूश. एक लाख बत्तीस हजार हवेत म्हणून पेटी मोजली, तर निघाले एक लाख दहा हजार. बावीस हजार कमी! अण्णा म्हणाले, “वीस जणांनी भरलेच न्हाईत. वही बघा.” वहीत वीस नावांपुढे खरंच काही नव्हतं. पण खुणा पेन्सिलीच्या होत्या, आणि पेन्सिल खोडता येते. कुणीतरी ते बोलूनही दाखवलं. त्या वीसजणांपैकी काहींना विचारलं, तर त्यांनी साळसूदपणे सांगितलं, “लिस्टवर भरलेत ना?” मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मी ते वर लिहिलेलं वाक्य बोललो.

अण्णा काही बोलले नाहीत. डबा ठेवून आत गेले. त्या रात्री वाढायला आले नाहीत.

मला झोप येईना. रेक्टर सकाळी अण्णांना बोलावणार होते. रात्री दोनला पीसी लावला आणि आधी टेबल उघडलं. त्यात वीस शून्यं जशीच्या तशी! म्हणजे मी भरलेलं बरोबर, वहीही बरोबर. मग यादीचा कोड ओळ न् ओळ वाचला. इफच्या कंसात होतं (मूळ इंग्रजी अक्षरांत, इथे मराठीत लिहितो): $जमा = १.

बरोबरचं चिन्ह एकच. हवी होती दोन.

एक बरोबर म्हणजे तुलना नव्हे. उजवीकडची किंमत डावीकडच्या डब्यात ओतणं. बरं, ओतून झाल्यावर त्या अख्ख्या वाक्याची किंमतही १ होते, आणि शून्य नसलेला आकडा म्हणजे इफच्या लेखी ‘खरं’. त्यामुळे प्रत्येक नावाला माझा प्रोग्राम आधी स्वतःच १ देत होता आणि मग ‘भरले’ छापत होता. पीएचपी यावर चकार शब्द काढत नाही, कारण वाक्य व्याकरणात अगदी शुद्ध आहे. १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्डने हे चिन्ह ‘समान’ या अर्थाने छापलं. १९५७च्या फोरट्रानने ते किंमत भरायला वापरलं, सीने तेच केलं आणि पीएचपीने सीचं उचललं. पास्कलमध्ये भरायला आधी कोलन लागतो, पण पास्कल आम्हाला नव्हतं. आणि सीमध्ये हीच चूक होते, हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं!

(दोन बरोबरही पूर्ण भरवशाचे नाहीत. तेव्हाच्या पीएचपीत एखादा साधा शब्द आणि शून्य दोन बरोबरने समान ठरायचे. २०२०च्या पीएचपी ८मध्ये ते बदललं. प्रकारासकट तुलना हवी तर तीन बरोबर. मी आता आकडा डावीकडे लिहितो, १ == $जमा. एखादं बरोबर गळलं तर प्रोग्राम चालतच नाही.)

पहाटे पाचला मेसमध्ये गेलो. अण्णा पोह्यांसाठी कांदा चिरत होते. म्हटलं, “अण्णा, माझीच चूक होती.”

“काय चुकलं?”

कसं सांगावं कळेना. शेवटी त्यांचीच वही ओढली. “हे बघा, खूण आहे का ते बघणं वेगळं, आणि पेन्सिल घेऊन खूण करणं वेगळं. कॉम्प्युटरला बघायला सांगायचं होतं. मी करायला सांगितलं.”

“मंग त्यानं समद्यास्नी खूण केली व्हय?”

“हो.”

“आन् तुमी म्हनला म्या खोडली.”

खोडली असं मी म्हणालो नव्हतो. पण ते सांगायला तोंड उघडेना.

सकाळी रेक्टरना जाऊन सांगितलं. दुरुस्त यादी बोर्डावर लावली, खाली माझ्या चुकीचा खुलासा आणि सही. आठवड्याभरात अठराजणांनी पैसे भरले, दोघांचे कमिटीने डिपॉझिटमधून कापले. अण्णा पुन्हा वाढायला लागले, माझ्या ताटात पोळीही आग्रहाने टाकायचे.

पुढच्या महिन्यात वही आणायला गेलो, तर सगळ्या खुणा पेनाने केलेल्या होत्या.